भाटघरची भिंत : रचनाविद्येचा एक पाठ

विद्यार्थिमित्रहो, ‘सुंदर इमारत’ असे शब्द ऐकतांच तुमच्या मनापुढें काय उभें राहतें? आम्ही हा प्रश्न वर्गांत अनेक वेळां घातला आहे. उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. कोणी ताजमहाल म्हणतो, कोणी भोरचा राजवाडा म्हणतो, कोणी पुण्यांतील कांचेच्या उंच कचेऱ्यांचें वर्णन करूं लागतो. अलीकडे राजगडाचें नांव विशेष उत्साहानें घेतलें जातें. कारण २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला, आणि त्यांत वेल्ह्याचा हा गड आहे. परंतु भोरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या भाटघरच्या धरणाचें नांव मात्र आजवर एकाहि विद्यार्थ्यानें घेतलें नाहीं. धरण म्हणजे पाणी अडविण्याची भिंत; तिच्यांत पाहण्यासारखें तें काय, अशी सर्वांची समजूत दिसते. आमच्या मतें आपल्या दोन्ही तालुक्यांत रचनाविद्येचा याहून चांगला पाठ दुसरा नाहीं, आणि तो शिकण्यास फी पडत नाहीं.

प्रथम थोडा इतिहास. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर नीरा नदीच्या खोऱ्यांत कालव्याचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि त्या कालव्यास बारमाही पाणी मिळावें म्हणून वेळवंडी नदीवर भाटघर येथें पहिलें धरण बांधलें गेलें. त्याच्या तलावास व्हायटिंग नांवाच्या इंजिनियराचें नांव मिळालें होतें. पुढें तें धरण अपुरें पडूं लागलें, तेव्हां त्याची जागा आजच्या मोठ्या धरणानें घेतली. हें नवें धरण १९२८ सालीं खुलें झालें व मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यावरून लॉईड धरण म्हणून ओळखलें जाऊं लागलें. त्या वेळीं भोर हें पंतसचिवांचें संस्थान होतें. तें १९४८ सालीं विलीन झालें. आज या जलाशयास शिवछत्रपतींचे सरदार येसाजी कंक यांचें नांव आहे, व तें योग्यच आहे. कारण येसाजी याच डोंगरांतले.

आतां भिंतीकडे वळूं. तिची लांबी ५,३३३ फूट आहे. एका मैलाचे फूट किती हें तुम्हांस पाठ असेलच. म्हणजे भिंत एक मैल आणि वर ५३ फूट झाली. उंची १९० फूट. तळाशीं रुंदी १२४ फूट, आणि माथ्याकडे ती निमुळती होत जाते. सर्व मिळून सुमारें दोन कोटी पंधरा लक्ष घनफूट दगडी बांधकाम या एका भिंतींत आहे. खर्च एक कोटी बाहत्तर लक्ष रुपये आला. बांधली गेली त्या काळीं जगांतील मोठ्यांत मोठ्या दगडी कामांत तिची गणना होत असे. हा आंकडा डोळ्यांपुढें यावा म्हणून एक गणित देतों : तेवढ्या दगडांचा दहा फूट रुंद व सहा इंच जाड असा रस्ता केला, तर तो किती मैल जाईल? आमचें उत्तर आठशें मैलांहून अधिक असें येतें. तुम्हीं स्वतः करून पाहावें.

पण मोठेपणा ही कांहीं मोठी विद्या नव्हे. खरी विद्या भिंतीच्या आकारांत आहे. बाजूनें पाहिलें तर ती बहुतेक त्रिकोणासारखी दिसते. ती घराच्या भिंतीसारखी वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची कां नाहीं? याचें उत्तर इंजिनियराच्या हौसेंत नसून पाण्याच्या स्वभावांत आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक घनफूट पाण्याचें वजन सुमारें साडेबासष्ट पौंड. पृष्ठभागाशीं दाब कांहींच नाहीं. दहा फूट खालीं दर चौरस फुटास ६२५ पौंड. आणि भिंतीइतकें १९० फूट पाणी उभें राहिलें असें धरलें, तर तळाशीं ११,८७५ पौंड, म्हणजे पांच टनांहून अधिक. या वाढत्या दाबाची आकृति कागदावर काढा. ती त्रिकोणच होईल. भिंतीचा त्रिकोण हा त्या त्रिकोणास दिलेला जबाब आहे. ही भिंत जणूं पाण्यानेंच आंखून दिली, असें म्हटलें तरी चालेल.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तलाव मागें दहा मैल पसरलेला असो कीं दहा हात, भिंतीवरचा दाब तोच राहतो. तो खोलीवर अवलंबून आहे, विस्तारावर नाहीं. आमच्या अनुभवाप्रमाणें हें विधान प्रथम ऐकतांना एकहि विद्यार्थी मान्य करीत नाहीं, आणि त्यांत नवल नाहीं. मोठमोठ्या पंडितांसहि यानें एके काळीं कोड्यांत टाकलें होतें.

एवढ्या दाबापुढें भिंत सरकत कां नाहीं, उलथत कां नाहीं? तिला मागून टेकू नाहीं. ती केवळ आपल्या वजनानें उभी आहे. पाणी तिला आडवें ढकलतें, तिचें वजन तिला खालीं दाबतें. या दोहोंचा एकत्रित जोर तिरपा होऊन पायाकडे येतो. तो जोर पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शांत पडला पाहिजे. तेथून बाहेर गेला, तर पाण्याकडील दगडांवर ताण येऊन सांधे उकलूं लागतील. ग्लासगो येथील प्राध्यापक रँकिन यांनीं १८७२ सालीं या नियमाचें विवेचन प्रसिद्ध केलें. आणि आम्हांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, कीं तें विवेचन मुंबई शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधीं विचारलेल्या प्रश्नांतून निघालें. आतां १२४ ला १९० नीं भागून पाहा. भागाकार दोनतृतीयांशाच्या अगदीं जवळ येतो. दगडी बांधकाम पाण्याच्या सव्वादोनपट जड धरलें, तर गणिती त्रिकोणाची रुंदीहि उंचीच्या दोनतृतीयांशच निघते. याहून बारीक भिंत धोक्याची; याहून जाड भिंत म्हणजे पैशाची व मजुरांच्या श्रमाची नासाडी.

धरणाचे दरवाजे हा दुसरा पाठ. यास पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्याच्या मध्यरात्रीं पूर आला, आणि चौकीदारास जाग आली नाहीं, तर काय? अशा वेळीं माणसावांचून दरवाजा उघडावा, अशी ही योजना आहे. तिचें तत्त्व तुम्ही आर्किमीडिझच्या धड्यांत शिकलांच आहां. दरवाजास एक जड वजन जोडलेलें असतें व तें एका कुंडांत लोंबत असतें. कुंड कोरडें असतां वजन दरवाजास वर, म्हणजे बंद, धरून ठेवतें. तलावाचें पाणी ठरलेल्या पातळीवर चढलें, कीं तें कुंडांत शिरतें. पाण्यांत बुडालेलें वजन हलकें होतें. तोल बदलतो आणि दरवाजा खालीं उतरून पाण्यास वाट देतो. पूर ओसरला, कुंड रिकामें झालें, कीं वजन पुनः जड होऊन दरवाजा मिटतो. म्हणजे ज्या पाण्यापासून धोका, तेंच पाणी पहारेकरी. पुण्याच्या कॉलेजांत शिकलेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं स्वतः योजिलेले याच जातीचे दरवाजे १९०३ सालीं खडकवासल्यास बसविले. पुढें त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या कीर्तीचा आरंभ आपल्या मुठेच्या कांठीं झाला, हें थोड्यांस ठाऊक असतें.

आतां कोणी म्हणेल, एवढ्या अवाढव्य वस्तूपासून आम्हीं घरांत काय शिकावें? तर घरांतली खुर्ची पाहा. चार काठ्यांचा चौकोन खिळे मारून करा आणि एका कोपऱ्यास दाबा. तो तिरपा होऊन कोलमडेल. तीन काठ्यांचा त्रिकोण करा. काठी मोडेल, पण आकार बदलणार नाहीं. येथें त्रिकोणाचें कारण धरणाहून निराळें आहे, तरी विचाराची रीत तीच : भार कोठून येतो आणि कोठें जातो, हें आधीं पाहावयाचें. स्वातंत्र्यानंतर पंजाबसाठीं चंदीगड हें नवें शहर वसविण्यांत आलें. तेथें १९५१ पासून १९६५ पर्यंत पिएर जानरे नांवाचे स्विस शिल्पज्ञ काम करीत होते. त्यांनीं कचेऱ्या, कॉलेजें व वाचनालयें यांसाठीं सागाच्या व वेताच्या खुर्च्या तयार करविल्या. पुष्कळ खुर्च्यांचे पाय कंपासासारखे दोन बाजूंस फांकलेले. त्यामुळें जोर विभागतो आणि खुर्ची डुगडुगत नाहीं. साग घेतला तो वाळवीस दाद देत नाहीं म्हणून. वेत घेतला तो वारा खेळूं देतो व उन्हाळ्यांत पाठ भिजूं देत नाहीं म्हणून. पुढें या खुर्च्या जुन्या झाल्या म्हणून अडगळींत पडल्या, कित्येक मोडीच्या भावानें विकल्या गेल्या. आणि त्याच परदेशांतील लिलावांत लाखों रुपयांस जाऊं लागल्या! आपल्या शाळांच्या अडगळींतहि कांहीं जुनीं बाकें असतील. तीं जळणास देण्यापूर्वीं एकदां उलटीं करून सांधे पाहावे, अशी आमची पालकांस व शाळाचालकांस विनंति आहे.

घराचें छप्पर तर आपल्या भागाचा खास विषय. पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या कड्याशीं असलेल्या गांवांत पाऊस असा कोसळतो, कीं सपाट माथा टिकणें कठिण. म्हणून जुन्या घरांचीं पाखीं उतरतीं, पुढें रुंद पडवी, आणि भिंतीवर झड येऊं नये म्हणून छपराचा कांठ पुष्कळ बाहेर काढलेला. मंगलोरी कौल तुम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नांवाच्या मिशनऱ्यानें १८६५ सालीं मंगळूर येथें त्याचा कारखाना काढला. कुंभाराच्या नळीच्या कौलाहून त्याची करामत एवढीच, कीं कांठास खांचा असल्यामुळें एक कौल दुसऱ्यांत अडकतें आणि मागच्या नाकामुळें रिपेस धरून राहतें. हल्लीं पत्रा आला आहे. तो स्वस्त व हलका आहे हें खरें. पण आषाढांतल्या सरीखालीं पत्र्याच्या वर्गांत ज्यानें व्याकरण शिकविण्याचा यत्न केला आहे, त्यास कौलाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.

नव्या इमारतींतहि हा विवेक आढळतो. पुणें विद्यापीठाच्या आवारांत, प्रा. जयंत नारळीकर यांनीं उभारलेल्या खगोलविज्ञानाच्या संस्थेची वास्तु चार्ल्स कोरिया यांची आहे. तिच्या भिंती आपल्याच डोंगरांतल्या काळ्या दगडाच्या, वर त्याहून काळा कडप्पा, आणि त्यावर आरशासारखा घोटलेला काळा ग्रॅनाइट, ज्यांत आकाश दिसतें. मध्यभागीं देवळापुढील कुंडासारखें अंगण असून तेथें आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. सहलीस गेलांत तर अवश्य पाहा. तिच्याशेजारीं उन्हांत तापणाऱ्या व थंड हवेच्या यंत्रांवांचून क्षणभर न चालणाऱ्या कांचेच्या कचेऱ्या आम्हांस फारशा मोठ्या वाटत नाहींत.

परंतु रचनेचा हिशेब दगड, लांकूड आणि कौल येथें पुरा होत नाहीं. त्यासाठीं पुनः भाटघरासच गेलें पाहिजे. भिंतीनें जें पाणी अडविलें, तें नीरेच्या डाव्या कालव्यानें पुरंदर, बारामती व इंदापुराकडे आणि उजव्या कालव्यानें फलटण व माळशिरसाकडे जातें. बारामतीकडे वर्षाचा पाऊस जेमतेम वीस इंच. तेथें ऊस उभा आहे तो या पाण्यावर. भिंतीचा हेतु तोच होता व तो उत्तम रीतीनें सिद्ध झाला आहे. पण पाणी उतारानें वाहतें, हाहि पाण्याचाच स्वभाव. तलावाच्या कांठच्या डोंगरांतलीं शेतें व वाड्या पाण्याच्या पातळीहून उंच. त्यांना तें खालीं दिसतें, मिळत नाहीं. जेथें सर्वांत अधिक पाऊस पडतो, त्या भोर-वेल्ह्यांतील कित्येक वाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. खोऱ्यांतली सखल, गाळाची, भाताची जमीन तर तलावाखालीं गेली. भिंतीच्या गणितांत दाबाचा पौंडन्‌पौंड मांडलेला आहे. या जमिनीचा व तिच्यावर राबणाऱ्या घरांचा आंकडा तितक्या काळजीनें मांडला गेला असें म्हणवत नाहीं. तुमच्यापैकीं कित्येकांचे आजे-पणजे त्या खोऱ्यांतले आहेत. त्यांच्या घरीं कोणत्या शेतास काय म्हणत, बांध कोठें होता, विहीर कोठें होती, हें अजून सांगूं शकणारीं वृद्ध माणसें असतील, तर सुट्टींत त्यांच्यापाशीं बसून लिहून घ्यावें. पुढें जे विद्यार्थी इंजिनियर होतील त्यांस तें टिपण रँकिनच्या नियमाइतकेंच उपयोगी पडेल. या तालुक्यांत भाटघरानंतर नीरा-देवघर आणि गुंजवणी हीं धरणें झालींच आहेत.

वेळवंडीच्या पात्रांत कांबरेश्वराचें जुनें दगडी देऊळ आहे. वर्षांतले बहुतेक महिने तें तलावाखालीं असतें. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटलें, कीं तें उघडें पडतें, आणि आसपासच्या गांवांतील मंडळी चिखल तुडवीत तेथें जातात. इतक्या वर्षांच्या पाण्यांतून त्याचे मोठमोठे दगड अजून एकमेकांवर बसलेले दिसतात. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पाणी पुनः त्याच्या पायथ्याशीं येऊन लागतें.