मानेवरचा काळा पट्टा

चि. सौ. बेबी हिस,


गौरीजेवणाला आले तेव्हा लेकीची मान पाहिली. दही-बेसन लावून घासघासून लाल केली होतीस. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून गप्प बसले. बेबी, तो मळ नाही गं. वजन वाढलेल्या मुलांच्या मानेवर, काखेत असा मखमली काळा पट्टा दिसला, की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही असं बहुतेकदा समजावं. मग स्वादुपिंड ते जास्तच सोडत राहतं आणि त्या जास्तीने तिथली त्वचा जाड, काळी होते. घासून ते जायचं नाही. तिला डॉक्टरांकडे ने. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी आणि त्यांना वाटलं तर थायरॉईड तपासून घे. पाळी दोन-दोन महिने येत नाही म्हणालीस, तेही सांग. आणि थोडा वेळ तू बाहेर बस, तिला एकटीला बोलू दे.

आता माझं ऐक. माझा मुलगा, तुझा दादा, पंधरा वर्षांचा असताना एका लग्नाच्या पंगतीत जिलबीचा दुसरा फेरा आला. मी त्याच्या पानावर हात आडवा धरला आणि वाढप्याला म्हटलं, "त्याला नको, बघताय ना!" आजूबाजूचे हसले. मीही हसले. त्यानंतर तो माझ्यासमोर मोजून दोन पोळ्या खायचा. मला वाटलं, सुधारला. दिवाळीत कपाटावरची रद्दी काढली तर मागे ग्लुकोज बिस्किटांचे कागद, एकेक काड्यापेटीएवढी घडी घालून, एकावर एक रचून ठेवलेले. त्याविषयी आम्ही कधीच बोललो नाही. पण आजही कुठल्या लग्नात गोड घ्यायच्या आधी तो एकदा माझ्याकडे बघतो.

हे माझ्या एकटीपुरतं नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं, की ज्या घरी आईवडील मुलांशी वजनावरून बोलतात तिथल्या मुलांत उपाशी राहणं, अधाशासारखं खाणं जास्त आढळतं. वजनाचं नाव न घेता चांगल्या खाण्याबद्दल बोलणाऱ्या घरांत हे प्रकार कमी.

म्हणून नियम करायचा तर अख्ख्या घराला. धाकटा काटकुळा म्हणून त्याला फरसाणाचा डबा आणि हिला काकडी, हे बंद. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि युडकिन नावाच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! तेव्हा काटकुळ्याचीही खात्री धरू नकोस. फरसाण कुलपात ठेवण्यापेक्षा आणूच नका. तुझ्या सासूबाईंना मी सांगेन, माझं त्या ऐकतात.

तिला आळशी म्हणतेस, पण तिचा दिवस कधी मांडून पाहिलायस? सकाळी कॉलेज, मग क्लास, पाचला वडापाव, सव्वादहाला जेवण, एकला झोप, सहाला पुन्हा उठवणं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. क्लासच्या डब्यात उसळ-पोळी दे, म्हणजे घरी आल्यावर ताटावर तुटून पडणार नाही. बाबा स्कूटरवरून सोडतात ते थांबवा, सायकल घेऊन द्या. शेजारणीने सांगितलेली शेकची पावडर मात्र घरात नको. वाढत्या मुलीला जेवणाऐवजी पावडर पाजतात होय? आणि वजनकाटा न्हाणीघरातून हलव. डॉक्टर पाहतील तेवढं पुरे.

एक राहिलंच. तो निळा ड्रेस "बारीक झालीस की येईल" म्हणून तू कपाटात टांगून ठेवलायस. रोज कपाट उघडलं की तो तिला दिसतो. तो कुणाला तरी देऊन टाक आणि तिला आजच्या मापाचे दोन चांगले शिवून घे. पैसे मी देते.

रविवारी येते. थालीपिठं करू. ती किती खाते ते तू बघू नकोस, मीही बघणार नाही.

तुझी,
मावशी