मोटारीचे चाक, टायर आणि प्रवासातील सुख

मोटारगाडीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ चार लहानशा जागी. प्रत्येक टायरचा जो भाग एखाद्या क्षणी रस्त्यावर टेकलेला असतो, तो माणसाच्या पंजाहून फारसा मोठा नसतो. गाडीचा सर्व भार, वळताना व थांबताना लागणारी सर्व पकड आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का याच चार जागांतून जातो. म्हणून चाक व टायर यांची निवड हा विचारपूर्वक करावयाचा विषय आहे.

अलीकडे मूळ चाके काढून त्यांच्या जागी अधिक मोठी चाके बसविण्याची हौस वाढलेली दिसते. मोठे चाक डौलदार दिसते, यात शंका नाही. परंतु त्यामुळे प्रवास सुखाचा होतो काय? बंगळुरूसारख्या शहरात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. तेथे पावसाळा दीर्घ असतो. नैर्ऋत्य मोसमी पावसापाठोपाठ परतीच्या पावसाच्याही सरी येतात. नळ आणि तारा टाकण्यासाठी रस्ते वारंवार खणले जातात. डांबराच्या भेगांतून पाणी झिरपले की खडी सुटते व तीक्ष्ण कडांचा खड्डा तयार होतो. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या मार्गाने बंगळुरूस जाणाऱ्या मराठी प्रवाशाला महामार्गाची सलग गती आणि शहरातील खड्डे, ही दोन्ही एकाच चाकावर भोगावी लागतात.

मोठ्या चाकाचा खरा लाभ

मोठे चाक खड्ड्यावरून अधिक सहज जाते, ही समजूत चुकीची नाही. आपल्या बैलगाडीचे चाक पुरुषभर उंचीच्या जवळपास असते, ते याच कारणासाठी. पायथागोरसच्या सिद्धांताने हे पडताळून पाहता येते. समजा, खड्ड्याची रुंदी ३० सेंटिमीटर आहे आणि खड्डा पुरेसा खोल आहे. १.५ मीटर व्यासाचे कठीण चाक त्यात सुमारे १५ मिलिमीटर उतरेल. मोटारीचे ६२ सेंटिमीटर व्यासाचे चाक कठीण असते, तर ते सुमारे ३९ मिलिमीटर उतरले असते. फरक स्पष्ट आहे.

पण मोटारीच्या चाकाचा व्यास आपण किती वाढवू शकतो? मडगार्डखालील जागा ठरलेली असते. व्यास फार तर अडीच सेंटिमीटर वाढविता आला, तर ३९ ऐवजी चाक ३७ मिलिमीटर उतरेल. लाभ आहे, पण अल्प आहे. बैलगाडीचा न्याय मोटारीला लावता येत नाही, तो यामुळे.

हवेची उशी

मोटारीचे लहान चाक बैलगाडीच्या मोठ्या चाकाहून मऊ चालते, याचे श्रेय हवेला आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ साली हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. परंतु ही कल्पना त्या काळी रुजली नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असाच टायर तयार केला, आणि तेथून त्याचा प्रसार झाला. बंगळुरूच्या भारतीय प्रबंध संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा दीर्घकाळ पुरस्कार केला. बैलाचे श्रम वाचविण्याच्या त्या विचारात हवेच्या टायरलाही स्थान होते.

लहानसा दगड चाकाखाली आला, की हवेचा टायर त्याला आपल्या अंगात सामावून घेतो. तेवढ्यासाठी सबंध चाक वर उचलावे लागत नाही. मात्र दबण्यासाठी टायरला उंची हवी. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत टायरची जी बाजू दिसते, तिलाच आपण येथे टायरची भिंत म्हणू. प्रवासातील सुख बऱ्याच अंशी या भिंतीच्या उंचीवर अवलंबून असते.

टायरवरील आकडे कसे वाचावे

टायरवर १८५/६५ आर १५ असे आकडे असतात. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर हे अक्षर रेडियल रचनेचे. आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. आता तीन टायरांची तुलना करू.

१८५/६५ आर १५ : भिंत १२० मिलिमीटर, एकूण व्यास ६२२ मिलिमीटर.
१९५/५५ आर १६ : भिंत १०७ मिलिमीटर, एकूण व्यास ६२१ मिलिमीटर.
२०५/४५ आर १७ : भिंत ९२ मिलिमीटर, एकूण व्यास ६१६ मिलिमीटर.

वाचकांच्या लक्षात येईल, की रिम दोन इंचांनी वाढली, तरी चाकाची बाहेरची उंची वाढलेली नाही. उलट किंचित घटली आहे. वाढले आहे ते धातूचे चाक, आणि घटली आहे ती हवेची उशी. १२० पैकी २८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा उंची नाहीशी झाली. मोठे चाक घेतले असे मालकास वाटते. वस्तुतः त्याने पातळ टायर घेतलेला असतो.

उशी पातळ झाल्याचे परिणाम

सर्व धक्के सारखे नसतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ सालच्या मानकात गतिरोधकासाठी ३.७ मीटर लांबीचा व १० सेंटिमीटर उंचीचा गोलाकार उंचवटा सांगितला आहे. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा अशी अपेक्षा आहे. असा लांब उंचवटा गाडीच्या स्प्रिंगा व धक्काशोषक सांभाळतात. तेथे टायरचा वाटा थोडा असतो. खड्ड्याची तीक्ष्ण कड मात्र क्षणार्धात येऊन जाते. तो धक्का प्रथम टायरनेच झेलावा लागतो. भिंत बुटकी असेल, तर ती पूर्ण दबून रिम व खड्ड्याची कड यांच्यात टायर चिमटला जातो. त्यामुळे रिम वाकते, किंवा भिंतीतील धागे तुटून तेथे फुगवटा येतो. असा फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही, आणि महामार्गाच्या वेगात तो फुटण्याचा धोका असतो.

दुसरा परिणाम वजनाचा. मोठी रिम बहुधा जड असते. स्प्रिंगच्या खाली असलेले हे वजन धक्क्याने वर उडाले, की रस्त्यावर परत येण्यास अधिक वेळ घेते. तेवढा वेळ पकड कमी होते व हादरा आत बसलेल्यांपर्यंत पोहोचतो.

तिसरा परिणाम भारक्षमतेचा. भार पेलते ती मुख्यतः टायरमधील दाबाची हवा; तिचे आकारमान घटले की क्षमता घटते. टायरवरील भारनिर्देशांक ८८ असेल, तर त्याची क्षमता ५६० किलोग्रॅम. ८७ असेल तर ५४५. आणि ८४ असेल तर ५००. चार टायरांचा हिशेब केल्यास ८८ व ८४ यांतील फरक २४० किलोग्रॅमचा होतो.

पातळ टायरचे गुण

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बुटकी भिंत वळणावर कमी लवचते; म्हणून सुकाणू फिरविताच गाडी तत्परतेने वळते. मोठ्या रिममध्ये मोठ्या ब्रेकच्या तबकड्या बसविता येतात. वेगवान व गुळगुळीत मार्गावर हे गुण उपयोगी पडतात. शहराच्या गर्दीत, संथ गतीने चालणाऱ्या गाडीला त्यांचा लाभ क्वचितच मिळतो. खड्डे मात्र रोज भेटतात.

निवड कशी करावी

प्रथम गाडीच्या पुस्तिकेत उत्पादकाने मान्य केलेली मापे पाहावी, आणि त्या मापांच्या मर्यादेतच राहावे. एकूण व्यास मूळ व्यासाइतकाच ठेवावा. १८५/६५ आर १५ ऐवजी १८५/६५ आर १६ बसविल्यास व्यास चार टक्क्यांनी वाढतो. मग वेगमापक ६० दाखवीत असता गाडी ताशी सुमारे ६२.५ किलोमीटर वेगाने धावत असते. भारनिर्देशांक मूळ निर्देशांकाहून कमी नसावा. रिमच्या बोल्टांची रचना गाडीच्या रचनेशी जुळली पाहिजे, आणि सुकाणू पूर्ण फिरविले असता टायर कोठेही घासता कामा नये. दाब थंड टायरमध्ये तपासावा. प्रवास मऊ व्हावा म्हणून हवा कमी करणे घातक आहे. तसे केल्याने टायर तापतो आणि खड्ड्यात लवकर चिमटतो.

ज्याला सुख व टिकाऊपणा हवा आहे, त्याने मोठी रिम टाळून मान्य मापांपैकी उंच भिंतीचा टायर निवडावा, हेच बहुतेक वेळा हिताचे ठरते.

स्वाध्याय

१. १७५/६५ आर १४ आणि १८५/५५ आर १५ या टायरांच्या भिंतीची उंची व एकूण व्यास काढा. (१ इंच = २५.४ मिलिमीटर. उत्तर : ११३.७५ व ५८३.१, १०१.७५ व ५८४.५ मिलिमीटर.)

२. १,२०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीचा भार चारही चाकांवर सारखा आहे. टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलोग्रॅम असल्यास एका टायरचा रस्त्याशी होणारा स्पर्श स्थूलमानाने किती चौरस सेंटिमीटर असेल? (उत्तर : सुमारे १३०.)

३. आपल्या परिसरातील एका मोटारीच्या टायरवरील आकडे उतरवून घ्या व त्यांचा अर्थ लिहा.