लांबी, रुंदी आणि उंची : खऱ्या मापाचा एक पाठ



देवानें नोहास तारूं बांधावयास सांगितलें, तेव्हां तीन मापें दिलीं: लांबी ३०० हात, रुंदी ५० हात व उंची ३० हात (उत्पत्ति, अध्याय ६). ह्यांतील एक जरी माप गाळलें असतें, तरी तारवांत किती जागा होईल हें कोणासही सांगतां आलें नसतें. आज आम्ही ह्या तीन मापांचा उपयोग सांगणार आहों. कारण तो ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या घामाची कमाई सहज दुसऱ्याच्या हातीं जाते.

समजा, गंगाखेड तालुक्यांतील एका खेड्यांत मंडळी आपलें प्रार्थनामंदिर बांधीत आहे. तें आंतून २४ फूट लांब, १६ फूट रुंद व १० फूट उंच आहे.

पहिला प्रश्न: फरश्या किती आणाव्या? येथें लांबी व रुंदी हीं दोनच मापें पुरतात. २४ ला १६ नीं गुणिलें असतां ३८४ चौरस फूट होतात. २ फूट लांब व २ फूट रुंद अशी शहाबादी फरशी ४ चौरस फूट जागा व्यापते; म्हणून ३८४ ला ४ नीं भागावें. ९६ फरश्या लागतील.

दुसरा प्रश्न: भिंतींस गिलावा किती? चारही भिंतींची लांबी मिळवावी: २४, १६, २४ व १६ मिळून ८० फूट. तिला उंचीनें, म्हणजे १० नीं, गुणावें. ८०० चौरस फूट आले. त्यांतून दारें व खिडक्या वजा कराव्या.

तिसरा प्रश्न: वाळू पुरी आली कीं नाहीं? येथें तिन्ही मापें लागतात. १०० घनफुटांस एक ब्रास म्हणतात. ट्रॉली आंतून १० फूट लांब, ५ फूट रुंद असून वाळू सपाट करून २ फूट उंच भरली, तर १० × ५ × २ म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास झाली. पण उंची दीडच फूट असली, तर ७५ घनफूटच भरतात. दुरून ट्रॉली भरलेलीच दिसते. परंतु चवथा हिस्सा वाळू आलेली नसते. म्हणून वाळू उतरण्यापूर्वीं टेप लावावा.

आतां मातीकामाकडे वळूं. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील असंख्य कुटुंबें खडी फोडून व माती खणून जगलीं. पुढें महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. अशा कामावर खणलेली माती मोजून मजुरी ठरवितात, आणि खड्ड्याचा तळ तर क्वचितच सपाट असतो. १० फूट लांब व १० फूट रुंद खड्डा एका कडेस २ फूट, मध्यें ३ फूट व दुसऱ्या कडेस ४ फूट खोल आहे असें समजा. कोणी उथळ कडेसच माप घेतलें, तर २०० घनफूट होतील. खरें पाहतां तिन्ही खोल्यांची बेरीज ९. तिला ३ नीं भागिलें असतां सरासरी खोली ३ फूट येते, व माती ३०० घनफूट भरते. एका चुकीच्या मापानें एका ब्रासची मजुरी बुडाली! ही सरासरीची रीत नवी नव्हे, भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचिलेल्या लीलावतींतही ती सांगितली आहे.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं आठवड्यांतील एका सायंकाळीं तरुणांस व भगिनींस टेप घेऊन हा पाठ प्रत्यक्ष करून दाखवावा. सरावासाठीं हौद घ्यावा: ५ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट उंच. ६० घनफूट झाले. एका घनफुटांत सुमारें २८ लिटर पाणी मावतें, म्हणून हौदांत सुमारें १,७०० लिटर मावेल.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. लेवीय १९ व्या अध्यायांत परमेश्वरानें मापांत अन्याय करण्याची मनाई केली आहे, आणि ती देणारा व घेणारा अशा दोघांसही लागू आहे. आपलें माप कोणी कमी करूं नये म्हणून गणित शिकावें. आणि दुसऱ्याचें माप आपल्या हातीं आलें म्हणजे टेप तितक्याच सरळपणें धरावा.