बालाघाट आणि विस्तृत कोनाचे भिंग

विस्तृत कोनाचे भिंग हाती आले की डोळ्यांसमोरील सारा मुलूख एका चौकटीत सामावेल, असा जो समज नवशिक्याच्या मनात सहज रुजतो, तो बीड जिल्ह्यात फार काळ टिकत नाही. कारण येथील बालाघाट सह्याद्रीसारखा उत्तुंग नव्हे, तर माथ्यावर सपाट, लांबच लांब पसरलेला आणि उंचीने माफक असा डोंगर आहे. बीडच्या उत्तरेकडील सखल रानातून पाहताना जी रांग भव्य वाटे, ती माझ्या आरंभीच्या छायाचित्रांत रिकामे आभाळ आणि रिकामी काळी माती यांच्यामध्ये रेघेएवढी उरे. ५० मिलिमीटरच्या भिंगाचा कर्णकोन पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर सुमारे ४७ अंश असतो, १६ मिलिमीटरच्या भिंगाचा सुमारे १०७. आणि या विस्तारापोटी दूरचा डोंगर एक तृतीयांशाहूनही लहान उमटतो.

म्हणून हे भिंग दूरच्यासाठी नसून निकटच्यासाठी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. भेगाळलेली जमीन, बांधावरचे दगड, कापणीनंतर उरलेली ज्वारीची धसकटे, यांपैकी काहीतरी हात-दीड हातावर घेऊन गुडघ्यांवर बसावे, तेव्हा कुठे मागील डोंगराला अर्थ येतो. १६ मिलिमीटरला छिद्र एफ/११ ठेवून ८० सेंटिमीटरवर केंद्रीकरण केल्यास, रूढ गणिताप्रमाणे, ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. तथापि डोंगराची कड रेखीव हवी असेल तर केंद्र किंचित पुढे सरकवणे मला अधिक पसंत आहे.

बीड शहरातील कंकालेश्वर मंदिर जलकुंडाच्या मध्यभागी आहे, आणि या भिंगाचे शिक्षण घेण्यास याहून उत्तम पाठशाळा मला ठाऊक नाही. शिखर मावावे म्हणून कॅमेरा वर कलवला की मंदिराच्या उभ्या रेषा मागे झुकतात. तो समपातळीत ठेवला की त्या सरळ राहतात आणि खालच्या भागात पाणी आपोआप येते. पोलरायझर मात्र येथे टाळावा, कारण सूर्याशी काटकोनात असलेला आकाशाचा पट्टाच तेवढा गर्द होऊन उर्वरित नभ फिके राहते.

परंतु खरी खबरदारी हवी ती पाटोदा तालुक्यातील सौताड्यास, जेथे विंचरणा नदी काळ्या पाषाणाच्या कड्यावरून खोल दरीत झेपावते. दर्शकातून पाहताना हे भिंग कड्याची हद्द प्रत्यक्षाहून दूर दाखवते. डोळा तेथेच लावून, चौकटीत आणखी थोडी दरी यावी म्हणून पुढे सरकलो असता, सोबत्याने दंड धरला तेव्हा कळले की उरलेले अंतर जेमतेम पाऊलभर होते, आणि तेही शेवाळलेल्या दगडावर. शिवाय कड्यावरून या भिंगाने धबधबा केवळ बारीक धार दिसतो. त्यासाठी ३५ किंवा ५० मिलिमीटर बरे, आणि विस्तृत कोन वापरणेच असेल तर खाली रामेश्वर मंदिराच्या परिसरात उतरून, ओल्या शिळा निकट घेऊन वापरावा. माझी कळकळीची विनंती एवढीच, की सौताड्यास जाणाऱ्याने जागा आधी उघड्या डोळ्यांनी निश्चित करावी, ट्रायपॉड तेथेच पक्का रोवावा, आणि डोळा कॅमेऱ्यावरून काढल्यावाचून पाऊल उचलू नये.