‘आठवणें’ आणि ‘आठवण करून देणें’
इंग्रजी क्रियापदांविषयीं एक पाठ

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस जीं क्रियापदें वारंवार अडवितात, त्यांत स्मरणाविषयींचीं क्रियापदें मुख्य होत. याचें कारण त्यांची बुद्धि मंद आहे हें नव्हे. मराठींत एका ‘आठव’ या शब्दावर जें काम भागतें, त्यासाठीं इंग्रजींत चार-पांच निरनिराळे शब्द आहेत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. जागा चुकली म्हणजे अर्थ पालटतो, व त्याचें नुकसान कधीं कधीं तिसऱ्यासच सोसावें लागतें. असें एक नुकसान आमच्याच हातून झालें आहे. तें प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका वृद्ध विधवा बाईनें आमच्याकडून एक इंग्रजी पत्र लिहून घेतलें. तिच्या निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला एका कचेरीकडे जावयाचा होता. तो मिळाला नाहीं, तर टपालानें पाठविला होता काय, असें कचेरीनें विचारलें होतें. बाई म्हणाली, “टपालानं पाठविल्याचं मला आठवत नाही, कोणाच्या तरी हातीं दिला असंल.” आम्हीं लिहिलें, ‘शी डिड नॉट रिमेंबर टु सेंड इट बाय पोस्ट.’ पुढील वाक्य अनिश्चित म्हणून गाळलें. आमच्या मतें पत्र निर्दोष होतें. परंतु त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ ‘तो टपालानें पाठवावयास ती विसरली’ असा होतो. कारकुनानें तोच अर्थ घेतला, आणि त्यांत त्याची कांहीं चूक नव्हती. बाईचें वेतन दोन महिने अडकलें, व तिला वाण्याकडून उधारीवर ज्वारी आणावी लागली. लिहावयास पाहिजे होतें तें असें: ‘शी डज नॉट रिमेंबर सेंडिंग इट बाय पोस्ट.’ एवढासा फरक. परंतु त्याची किंमत आमच्याऐवजीं तिनें भरली.

म्हणून पहिला भेद हाच ध्यानांत धरावा. ‘रिमेंबर’ या शब्दापुढें ‘टु’ व क्रियापद आलें, तर स्मरण आधीं व काम मागून. ‘आय रिमेंबर्ड टु लॉक द डोर’ म्हणजे कुलूप लावावयाचें आहे हें ध्यानांत राहिलें, म्हणून लावलें. परंतु ‘रिमेंबर’ पुढें ‘इंग’ प्रत्ययाचें रूप आलें, तर काम आधीं व स्मरण मागून. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोर’ म्हणजे कुलूप लावल्याचें आतां आठवतें. ‘फर्गेट’ या शब्दाचेंहि असेंच आहे. ‘आय फर्गॉट टु पे हिम’ म्हणजे पैसे द्यावयाचे राहून गेले. ‘आय शॅल नेव्हर फर्गेट सीइंग द सी’ म्हणजे समुद्र पाहिला, तें दर्शन कधींहि विसरणार नाहीं. पैशाच्या व कागदपत्रांच्या पत्रव्यवहारांत हा भेद दोनदां तपासून पाहावा.

दुसरा भेद ‘रिमेंबर’ व ‘रिमाइंड’ यांचा. आपली मराठी म्हणते, ‘मला तें आठवतें.’ येथें आठवण आपण होऊन येते, व मनुष्य ती घेणारा असतो. म्हणूनच ‘मी’ न म्हणतां आपण ‘मला’ म्हणतों. इंग्रजीचा घाट निराळा आहे. तेथें मनुष्य स्वतः कर्ता होतो: ‘आय रिमेंबर इट.’ मराठी घाट तसाच उचलून नवशिके ‘इट रिमेंबर्स मी’ असें लिहितात. त्याचा अर्थ ‘त्या वस्तूस माझी आठवण आहे’ असा हास्यास्पद होतो.

आठवण बाहेरून कोणी करून दिली, तर ‘रिमाइंड’ हाच शब्द पाहिजे. ‘माइंड’ म्हणजे मन, आणि ‘री’ म्हणजे पुन्हा. जें मनांत पुन्हा आणून देतें तें ‘रिमाइंड’ करितें. कचेरीचें स्मरणपत्र येतें त्यास ‘रिमाइंडर’ म्हणतात. हातांतील मोबाइल औषधाच्या वेळीं वाजतो तोहि ‘रिमाइंडर’च. या क्रियापदास ज्याला आठवण करून द्यावयाची तो मनुष्य लागतोच. त्यानंतर काम असेल तर ‘टु’ येतो: ‘प्लीज रिमाइंड मी टु बाय सॉल्ट.’ वस्तु किंवा व्यक्ति असेल तर ‘ऑफ’ येतो. मुलाचा चेहरा पाहून त्याच्या बापाची आठवण होते, तें असें सांगावें: ‘द बॉय रिमाइंड्स मी ऑफ हिज फादर.’

येथें एक अपवाद सांगून ठेवितों. ‘रिमेंबर मी टु युअर मदर’ असें कोणी लिहिलें, तर ‘आपल्या मातोश्रींस माझा नमस्कार सांगा’ एवढाच त्याचा अर्थ. ही जुन्या शिष्टाचाराची भाषा आहे; तिला चूक समजूं नये.

तिसरा भेद अंतःकरणाशीं निगडित आहे. मुंबईस किंवा पुण्यास नोकरीस गेलेला मुलगा आईस लिहितो, ‘तुझी फार आठवण येते.’ हेंच इंग्रजींत तो आपल्या मित्रास ‘आय ॲम रिमेंबरिंग यू’ असें लिहितो. यांत दोन दोष आहेत. ‘रिमेंबर’ हें मनाच्या स्थितीचें क्रियापद असल्यामुळें तें सहसा अशा चालू रूपांत येत नाहीं. आणि आपल्या ‘आठवण येते’ या शब्दांत जी ओढ आहे, ती ‘रिमेंबर’ मध्यें नाहीं; तो शब्द केवळ ‘विसरलों नाहीं’ एवढेंच सांगतो. त्या ओढीसाठीं इंग्रज ‘आय मिस यू’ असें म्हणतो. हाच ‘मिस’ शब्द गाडी चुकण्यासहि लावितात. जवळ असावयास हवें तें जवळ नाहीं, हा भाव त्यांत आहे.

बाकीच्या शब्दांविषयीं थोडक्यांत. ‘रिकॉल’ म्हणजे मुळांत परत बोलाविणें. वकिलातींतील अधिकारी माघारीं बोलावितात, किंवा कारखाना सदोष मोटारी परत मागवितो, तेव्हां हाच शब्द योजितात. तसेंच गेलेली गोष्ट मनांत परत बोलाविणें म्हणजेहि ‘रिकॉल’. ‘रिकलेक्ट’ म्हणजे विखुरलेलें पुन्हा गोळा करणें. प्रयत्नानें, तुकड्या-तुकड्यांनीं आठवणें. पाढे किंवा कविता पाठ करणें यास ‘मेमराइझ’ अथवा ‘लर्न बाय हार्ट’ म्हणावें, ‘रिमेंबर’ नव्हे. कारण पाठ करणें हा उद्योग आहे, व ध्यानांत राहणें हें त्याचें फळ. शेवटीं, वस्तु कोठें राहिली तें ठिकाण सांगावयाचें असेल तर ‘फर्गेट’ न वापरतां ‘लीव्ह’ वापरावें: ‘आय लेफ्ट माय अंब्रेला इन द बस.’

अभ्यासासाठीं पांच वाक्यें देतों. उत्तरें खालीं आहेत. परंतु तीं हातानें झांकून प्रथम स्वतः इंग्रजी करून पाहावें.

१. मला उद्यां बियाण्याची आठवण करून द्या.
२. हें गाणें ऐकून मला माझ्या गांवाची आठवण होते.
३. त्याला पावती दिल्याचें मला आठवतें.
४. ती पत्र टाकावयास विसरली.
५. मुलांनीं पाढे पाठ केले.

उत्तरें: १. ‘रिमाइंड मी अबाउट द सीड टुमॉरो.’ कामाऐवजीं विषय सांगावयाचा असल्यास ‘अबाउट’ चालतो. २. ‘धिस साँग रिमाइंड्स मी ऑफ माय व्हिलेज.’ ३. ‘आय रिमेंबर गिव्हिंग हिम द रिसीट.’ ४. ‘शी फर्गॉट टु पोस्ट द लेटर.’ ५. ‘द चिल्ड्रन मेमराइझ्ड देअर टेबल्स.’

तिसऱ्या वाक्यांत ज्यांनीं ‘रिमेंबर टु गिव्ह’ असें लिहिलें असेल, त्यांनीं खिन्न होऊं नये. आम्हीहि तेथेंच ठेंचाळलों होतों. मात्र दुसऱ्याच्या वतीनें पत्र लिहितांना एक नियम पाळावा. पत्र पुरें झाल्यावर त्याचा मराठी अर्थ त्या मनुष्यास मोठ्यानें सांगावा, आणि “तुमचें म्हणणें हेंच ना?” असें विचारावें. त्या बाईस आम्हीं असें विचारलें असतें, तर चूक आमच्या ओसरीवरच उघडकीस आली असती.