नवस बोलण्याआधी

अगं छकुले, परीक्षा जवळ आली की तुझे उपास वाढतात, हे माझ्या लक्षात आलंय. सोमवार होताच, आता गुरुवारही धरलास. तुझी श्रद्धा मला मनापासून आवडते, म्हणूनच आज हे बोलते.

देवाकडे नेमकं काय मागायचं, ते आधी ठरवूया. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटला, म्हणजे दुसऱ्या पेपरला, ३३ टक्के गुण लागतातच. ते नसतील, तर पहिला पेपर कितीही छान जाऊ दे, उपयोग नाही. तुला उताऱ्यांना वेळ पुरत नाही, गणित दिसलं की धडधडतं. त्यावर नवस हा इलाज नाही गं. रोज घड्याळ लावून उतारे सोडवणं, हाच इलाज. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा देवाचं नाव घेऊन अंदाजाने गोल रंगवत सुटू नकोस.

मग देवावर काय सोपवायचं? जागा किती निघतील, कटऑफ कुठे लागेल, तारीख पुढे जाईल का, हे सगळं. त्यातलं काहीच तुझ्या हातात नाही. सगळा भार स्वतःच्याच डोक्यावर घेणाऱ्या मुली मी पाहिल्यात. एक निकाल हुकला की त्या स्वतःलाच नालायक ठरवतात. श्रद्धा असली तरी रडू येतंच, पण दुसऱ्या दिवशी उठून अभ्यासाला बसायचं बळही तीच देते.

आपल्या संतांकडे बघ. अरणचे सावता महाराज मळ्यात राबत राहिले. पंढरीला न जाता तिथेच त्यांना विठ्ठल भेटला, असं वारकरी मानतात. आजही आषाढ वद्यात पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. जनाबाईला विठ्ठल दळू लागला, ही गोष्टही आपण लहानपणापासून ऐकलीय. पण जनाबाई जात्यापाशी बसलेली होती, म्हणून तो तिथे आला ना!

तर आता असं कर. सकाळी दिवा लाव, दोन मिनिटं शांत बस आणि लगेच पुस्तक उघड. मोठं पारायण परीक्षा झाल्यावर. परीक्षेच्या आदल्या दिवशी उपास अजिबात नको. वरणभात खा आणि वेळेवर झोप. रात्री देवापुढे उभी राहून सांग, आज काय झालं आणि काय राहिलं. आईला, मला थापा मारता येतील, देवापुढे नाही मारवत. म्हणून तो हिशेब खरा निघतो, आणि उद्या कुठून सुरुवात करायची तेही कळतं.

नवस बोलायचाच असेल, तर एवढाच बोल: निकाल काहीही लागो, माझ्या वाटचं काम मी अर्धवट सोडणार नाही. हा नवस तुझा तुलाच रोज फेडता येईल.