कुलपाची परीक्षा

कुलूप करणाऱ्यास आपल्या कुलपाचा दोष सहसा दिसत नाहीं. संकेतस्थळांचेंही तसेंच आहे. सायमन बेनेट्स यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेलें ‘झॅप’ हें साधन विनामूल्य असून त्याची मूळ संहिता कोणासही वाचतां येते. तें ब्राउझर व सर्व्हर यांच्या मधोमध बसतें, जाणारी मागणी अडवून दाखवितें, आणि तींत फेरफारही करूं देतें. समजा, नांवाच्या रकान्यांत कोणी नांवाऐवजीं आज्ञाच लिहिली व सर्व्हरनें ती निमूटपणें पाळली, तर साऱ्या शाळेचे गुण परक्याच्या हातीं जातील! अशा फटी झॅप शोधतें. पण त्यास न सांपडलेली फट नाहींच, असें मात्र नव्हे. दुसऱ्याच्या स्थळावर परवानगीवांचून हा प्रयोग करूं नये. सरावासाठीं मुद्दाम सदोष रचलेलें ‘वेबगोट’ आपल्याच संगणकावर मांडतां येतें.